क्लॅम्पच्या मुठींची पकड सुधारायचं काम – प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

गणपतीला नवीन चौरंग करायचाय, फणसाच्या लाकडाचा. यंदा चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे, वेळ आहे अजून, पण त्याआधी क्लॅम्पच्या, म्हणजे गोंद वाळेपर्यंत फळ्या दाबून धरायच्या स्क्रूवाल्या अवजाराच्या, मुठींचं काम संपवून टाकायचं ठरवलंय. कारण एकदा पाऊस सुरू झाला की इकडे रत्नागिरीत हात कोरडे म्हणून राहत नाहीत, आणि एफ क्लॅम्पची (लोखंडी पट्टीवर दोन जबडे, इंग्रजी F सारखा) ती गोल, गुळगुळीत, वार्निश मारलेली लाकडी मूठ घामेजल्या हाताने आवळायला गेलं की मूठ तिथेच राहते आणि हातच गोल फिरतो. त्यात बोटांना फेव्हिकॉल लागलेला असला की बघायलाच नको.

खरं कारण मात्र बाबा आहेत. आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये नट-बोल्ट आवळले त्यांनी, रिटायर झाल्यावर लाकूडकामाला लागले आणि आता त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. करवत चालते, रंधा चालतो, पटाशी तर माझ्यापेक्षा चांगली चालवतात, पण क्लॅम्प लावला की हाक येते, "अरे, जरा आवळून दे." मी ऑफिसला असलो की जोडायचं काम संध्याकाळपर्यंत तसंच पडून राहतं. त्यांना एकट्याने क्लॅम्प आवळता आला पाहिजे, एवढंच या कामाचं माप आहे.

हाताशी आहेत ते चार एफ क्लॅम्प लाकडी मुठीचे, मूठ ३० मिमी जाडीची आणि साधारण ११ सेमी लांब, आणि दोन छोटे क्लॅम्प प्लास्टिकच्या मुठीचे, ते २४ मिमीच. इंग्रजी G च्या आकाराच्या क्लॅम्पना आडवी दांडी असते त्यामुळे त्यांचा प्रश्नच नाही.

५ जून

पकड सुधारली की नाही ते नुसतं "बरं वाटतंय" यावर ठरवायचं नाही, म्हणून आधी मोजायची सोय केली. आपला साधा वजनकाटा १२०-१३० किलोच्या पुढे जात नाही आणि क्लॅम्पचा दाब त्याच्या वर जातो, त्यामुळे सरळ काट्यावर क्लॅम्प लावून चालत नाही. मग असं केलं: एक चांगला जाड सागवानी वासा घेतला, त्याचं एक टोक टेबलावर विटेवर ठेवलं आणि तिथून बरोबर १०० सेमीवर दुसरं टोक वजनकाट्यावर. क्लॅम्प लावला विटेपासून २५ सेमीवर, खालचा जबडा टेबलाच्या फळीखाली आणि स्क्रू वरून वाशावर. आता क्लॅम्प जेवढा दाबेल त्याचा चौथा हिस्सा काट्यावर दिसतो, बाकीचा वीट घेते. काट्यावरचा आकडा गुणिले चार, आणि वाशाचं स्वतःचं वजन आधी वजा करायचं. काटा जुना काट्याचाच, म्हणजे सुईवाला घ्यायचा, डिजिटलवाले एक आकडा दाखवून तिथेच थांबतात आणि आपण पुढे आवळत बसतो.

कोरड्या स्वच्छ हाताने माझा दाब साधारण १८० किलो आला. हात ओला करून, वर थोडा भुसा चोळून, म्हणजे जसा तो काम करताना असतो तसा, १४० च्या आसपास. बाबांचा ओल्या हाताने ७०-७५. त्यांनी आकडा बघितला आणि काही बोलले नाहीत, पण नंतर वाशाखालची वीट हलते म्हणून तिथे लाकडाची पाचर मारून ठेवली.

८ जून

आज मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, लाइट गेली म्हणून बसून हिशोब केला.

चौरंगाची वरची फळी ४५ बाय ४५ सेमी, तीन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या, जाडी २५ मिमी. म्हणजे एका सांध्याचं क्षेत्रफळ ४५ गुणिले २.५, साधारण ११२ चौरस सेमी. पांढऱ्या गोंदाला मऊ लाकडात दर चौरस सेमीला ७ ते १० किलो आणि कठीण लाकडात १२ ते १७ किलो दाब असावा असं सांगतात. फणस मधलाच, १० धरला तरी ११०० किलोच्या वर जातं. चार क्लॅम्प लावले तर प्रत्येकाने २८० किलो द्यायला हवेत आणि आपण ओल्या हाताने देतोय १४०. रंधा नीट मारलेला असेल आणि कड उजेडाला धरून बघितल्यावर फट दिसत नसेल तर यापेक्षा खूप कमी दाबातही सांधा चांगला बसतो, हे मी खात्रीने सांगतो, पण पावसाळ्यात फळ्या रात्रीतून थोड्या वाकतात आणि तेव्हा जास्तीचा दाब हाताशी असलेला बरा.

दुसरी गोष्ट मुठीची. गोल मूठ फिरवण्याचा जोर तीन गोष्टींवर ठरतो: हात किती घट्ट आवळतो, हात आणि मूठ यांच्यात घर्षण किती आहे, आणि मूठ किती जाड आहे. बाबांच्या बाबतीत पहिली गोष्ट वाढणार नाही, वाढवायचीही नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय जोर लावू नका. राहिल्या दोन, घर्षण आणि जाडी. मुठीत धरून जोर लावायच्या वस्तूला ३० ते ५० मिमी जाडी चांगली मानतात, पिळायचं काम असेल तर त्यातही जाडीकडे झुकलेली बरी. आपली ३० म्हणजे अगदी खालच्या टोकाला आणि छोट्या क्लॅम्पची २४ तर त्याच्याही खाली.

१५ जून

मुठीला हात लावायच्या आधी बाबा म्हणाले, "आटे बघितलेस का आधी?" वर्कशॉपचा माणूस, बरोबर तिथेच जाणार. स्क्रूच्या आट्यांत कित्येक वर्षांचा वाळलेला फेव्हिकॉल, भुसा आणि मधे मधे गंज. अशा स्क्रूत आपण लावलेल्या जोराचा मोठा हिस्सा, अगदी तीन चतुर्थांश म्हणा, नुसत्या घर्षणात जातो आणि उरलेला लाकडापर्यंत पोचतो. म्हणजे तिथलं घर्षण थोडं जरी कमी झालं तरी त्याच हाताच्या जोरात दाब वाढतो, मुठीला काही न करता.

काम साधंच. स्क्रू पूर्ण बाहेर काढला, गरम पाण्यात ओलं केलेलं फडकं गुंडाळून ठेवलं, वाळलेला गोंद पांढरा होऊन फुगला की तारेच्या ब्रशने निघतो. गंज पॉलिश पेपरने. मग चांगलं कोरडं करून आट्यांना मेणबत्ती घासली. ऑइल किंवा ग्रीस आट्यांना लावायचं नाही, भुसा चिकटून त्याचा लगदा होतो आणि वर लाकडावर एक थेंब जरी पडला तरी तिथे पॉलिश धरत नाही. फक्त टोकाला जी फिरती टिकली असते तिच्या आतल्या गोळीला काडीच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस, आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं. ती टिकली घट्ट असेल तर ती स्क्रूबरोबर फिरते, लाकडावर गोल ओरखडा उठतो आणि फळी जागेवरून सरकते, ते वेगळंच.

परत वाशावर लावून बघितलं, ओल्या हाताने २०० च्या थोडा खाली. फुकटात एवढा फरक पडला. कोणाला फक्त एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा, मुठीचं नंतर बघा.

एका क्लॅम्पची मूठ दांड्यावर सैल होती, जोर लावला की करकर करून थोडी फिरायची. मूठ काढली, आतला जुना चुरा साफ केला आणि अराल्डाइट भरून परत बसवली, एक रात्र ठेवली. सैल मुठीवर कितीही चांगली ग्रिप चढवली तरी उपयोग नाही.

२३ जून

वार्निश काढलं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चारही मुठी उघड्या लाकडापर्यंत आणल्या. उघडं लाकूड हाताचा घाम थोडा तरी शोषतं, वार्निशवर तो थर तसाच राहतो आणि हात त्याच्यावरून घसरतो, सगळी मेख तिथेच आहे. बरेच सुतार नवीन हातोडीच्या दांड्याचं वार्निश आधी खरवडून काढतात ते याच्यासाठीच.

मग गोल मूठ अष्टकोनी केली. ३० मिमीच्या गोलात अष्टकोन बसवायला प्रत्येक बाजूला जेमतेम सव्वा मिमी लाकूड काढावं लागतं, त्यामुळे मूठ फार बारीक होत नाही, सपाट बाजूंमधलं अंतर पावणेअठ्ठावीस मिमी राहतं. पेन्सिलने आठ रेषा मारल्या, आधी समोरासमोरच्या चार बाजू कानसीने सपाट केल्या, मग मधल्या चार. कोपरे पॉलिश पेपरने मोडले, धार ठेवली तर तळहाताला रुतते. आता हाताला नुसत्या घर्षणावर अवलंबून राहावं लागत नाही, कोपरा बोटांत अडकतो. षटकोनी केली असती तर अजून पकड मिळाली असती पण बाबांच्या हाताला ते कोपरे टोचले असते, आणि लाकूडही जास्त जातं.

आणखी एक फायदा म्हणजे क्लॅम्प टेबलावर आडवा ठेवला तर गडगडत नाही.

३० जून

काल रात्री वर्ल्डकप जिंकला, गल्लीत उशिरापर्यंत फटाके. आज सकाळी पोरं घराशेजारी खेळत होती आणि एकाची बॅट हातात घेतली तर लक्षात आलं की ही ग्रिप नेमकी याच कामासाठी आहे की. घामेजला हात, लाकडी गोल दांडा, जोराचा फटका, तरी बॅट हातात फिरू द्यायची नाही. आणि जाड ग्रिप पाहिजे असेल तर खेळाडू एकावर एक दोन चढवतात, म्हणजे जाडीचा प्रश्नही सुटतो! दुपारी बाजारात जाऊन घेऊन आलो, शंभर रुपयांच्या आत एक, आणि एका ग्रिपचे दोन तुकडे करून दोन मुठी होतात.

दुकानात वेगवेगळ्या नक्षीच्या होत्या. अगदी गुळगुळीत मऊ वाटणाऱ्या घेतल्या नाहीत, कोरड्या हाताला त्या छान वाटतात पण पाण्याचा थर आला की रबरही घसरतं. उठावदार ठिपके किंवा तिरक्या रेघा असलेल्या घेतल्या, खाचांमधून पाणी बाजूला जातं आणि रबर हाताला लागून राहतं, टायरला खाचा ठेवतात त्याच कारणासाठी. बाबांना हे समजावून सांगायची गरज पडली नाही, त्यांनीच दुकानदाराकडून चार प्रकार मागवून प्रत्येकावर थुंकी लावून अंगठा फिरवून बघितला.

७ जुलै

ग्रिप चढवायचं नीट लिहून ठेवतो कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

बॅटची ग्रिप लाकडी कोनावरून चढवतात. ग्रिप कोनाच्या बारीक टोकावरून घालायची, वळी करत जाड टोकापर्यंत ढकलायची, की ती ताणून मोठी होते, मग कोनाचा तळ दांड्याच्या टोकावर टेकवायचा आणि वळी तिथून दांड्यावर सरकवून उलगडत न्यायची. माझ्याकडे कोन नव्हता, फणसाच्याच तुकड्याचा केला, तळाशी ३४ मिमी म्हणजे मुठीपेक्षा थोडा जास्त, टोकाला १५, आणि वरून टाल्कम पावडर. पावडर कोनावरच, मुठीवर चुकूनही पडता कामा नये.

बॅटच्या दांड्यावर ग्रिप नुसत्या ताणावर बऱ्यापैकी टिकते पण क्लॅम्पच्या मुठीवर सगळा जोर पिळण्याचा असतो, त्यामुळे खाली दुहेरी चिकटपट्टी हवीच. पातळ कापडी घेतली, फोमवाली नाही, फोम दोन थरांमध्ये हलतो आणि हाताला कायम काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. पट्टी मुठीवर तिरकी गुंडाळायची, कडा एकमेकांवर न चढवता. अष्टकोनी मुठीचा खरा फायदा इथे कळला, रबर ताणून कोपऱ्यांवर बसतं आणि गोल फिरायला त्याला जागाच राहत नाही. एका मुठीवर चिकटपट्टी न लावता बघितलं तरी ग्रिप खूप कमी फिरली.

दोन्ही टोकांना थोडी जास्त ग्रिप ठेवून नंतर ब्लेडने कापली आणि स्क्रूच्या बाजूला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले म्हणजे कड उलटत नाही. टोकाच्या बाजूला टेप नको, तळहात तिथेच टेकतो.

एक थर, ओला हात: माझा २४० च्या आसपास. हात अजिबात घसरत नाही, जिथे थांबतो तिथे मनगट थकलं म्हणून थांबतो.

१४ जुलै

बाबांच्या दोन मुठींवर दुसरा थर चढवला. एका थराने जाडी साधारण साडेतीन मिमीने वाढते, दोन थरांनी मूठ ३५ मिमीच्या आसपास गेली. तीन थरही करून बघितले, मुठीचा गुबगुबीत गोळा झाला, अष्टकोन आत कुठेतरी गायब झाला आणि रबर स्वतःतच पिळायला लागलं, जोर लाकडापर्यंत पोचायच्या आधी रबर वळतं. तिसरा काढला.

बाबांनी हात पाण्यात बुडवला, भुशात घातला आणि आवळलं. काट्यावर ३६, म्हणजे १४५ किलोच्या आसपास. ७० वरून! सुरुवातीला माझा ओल्या हाताने जेवढा होता तेवढा आता त्यांचा आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे अंगठा दुखला नाही म्हणाले, कारण आता मूठ चिमटीत दाबून धरावी लागत नाही, सगळा तळहात टेकतो आणि चार बोटं वळवतात. मी विचारलं परत करून बघू का, तर म्हणाले नको, आता खरं काम काढ.

मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही, पण फार बरं वाटलं.

२१ जुलै

छोटे प्लास्टिकच्या मुठीचे दोन. यांना आधीच उभ्या पन्हाळी आहेत, कानस मारायची सोय नाही आणि आतून पोकळ आहेत. बॅटची ग्रिप २४ मिमीवर सैल बसते. सायकलची जुनी ट्यूब कापून चढवली, ती ताणली की छान घट्ट बसते आणि फुकट आहे, फक्त काळं रबर हाताला आणि हातातून फिकट लाकडाला लागतं. फणसाच्या पिवळ्या लाकडावर काळा अंगठा दिसला की जीव जातो. साबणाने दोनदा धुतल्यावर कमी झालं. हीट श्रिंक ट्यूबही (गरम केली की आकसून बसणारी नळी) आणली होती, साधी इलेक्ट्रिकवाली, गरम केल्यावर सुंदर बसते पण वर इतकी गुळगुळीत की मूळ मुठीपेक्षा वाईट. मासे पकडायच्या गळाच्या काठीला लावतात ती खडबडीत जाळीची मिळते, ती चालेल, इथे बाजारात मिळाली नाही.

पुण्याहून भाच्याने टीपीयू नावाच्या प्लास्टिकचं कव्हर थ्रीडी प्रिंटरवर करून पाठवलंय, आतून मुठीच्या पन्हाळीत बसणारं आणि बाहेरून सहा पाकळ्यांचं, ३८ मिमीचं. टीपीयू रबरासारखं लवचिक असतं त्यामुळे दाबून बसवता येतं. हे ट्यूबपेक्षा खूप सरस निघालं. पीएलए या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये केलेलं नको म्हणून आधीच सांगितलं होतं, ते कडक आणि गुळगुळीत होतं आणि उन्हात गाडीत राहिलं तर मऊ पडतं. ज्याला प्रिंटरची सोय आहे त्याने प्लास्टिकच्या मुठींसाठी सरळ हेच करावं.

४ ऑगस्ट

शेजारच्या सुतारकाकांनी काम बघितलं आणि विचारलं, एवढा खटाटोप कशाला, मुठीला आडवं भोक पाडून सळई घाल, हवं तेवढं आवळ. रास्त प्रश्न आहे आणि मी त्याचा विचार केला होता. १५ सेमीची सळई घातली तर १० किलोचा साधा धक्का तिच्या टोकाला दिला तरी साडेसात न्यूटन मीटरचा पिळ मिळतो, दोन्ही हातांनी ढकललं तर दुप्पट. अडचण तीच आहे. एवढ्या हलक्या क्लॅम्पची पट्टी त्या जोराला वाकते, जबडा तिरका होतो, आणि पट्टी वाकली की फळ्याही तिच्याबरोबर कमान करतात. शिवाय हाताला किती दाब पडतोय ते कळेनासं होतं. मुठीने आवळताना गोंद सांध्यातून मण्यांच्या माळेसारखा बाहेर आला की थांबायचं, हे हात शिकतो, सळईला ते कळत नाही.

आणि भोक पाडायचंच असेल तर आतला स्क्रूचा दांडा मुठीत कुठपर्यंत गेलाय ते आधी बघा, त्याच्या पलीकडे उरलेल्या लाकडातच पाडा, नाहीतर मूठ तडकते. मोठ्या, लांब पट्टीच्या सॅश क्लॅम्पला सळई असतेच, तिथे पट्टीही तेवढी जाड असते. काकांना पटलं, पण त्यांच्या स्वतःच्या क्लॅम्पना सळईच आहे आणि ती तशीच राहणार असं ते सांगून गेले.

१८ ऑगस्ट

चौरंगाची वरची फळी जोडली. बाहेर धो धो पाऊस, हवेत इतकी ओल की कागद मऊ पडतो. कडा काल संध्याकाळी रंधून ठेवल्या होत्या, सकाळी उजेडाला धरल्या तर मधल्या फळीला केसाएवढी फट आलेली, परत रंधा मारून घेतला आणि लगेच गोंद.

चार क्लॅम्प, दोन खालून दोन वरून आलटून पालटून, म्हणजे फळी एका बाजूला वाकत नाही. लोखंडी पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये पॅकिंग टेप, कारण ओला गोंद आणि लोखंड एकत्र आलं की लाकडावर काळा डाग पडू शकतो आणि तो खोलवर जातो. चारही क्लॅम्प बाबांनी आवळले, मी फक्त फळ्या एका पातळीत आहेत का ते बोटाने बघत होतो. गोंद दोन्ही सांध्यांतून सारखा बाहेर आला, कुठे कमी कुठे जास्त नाही. मधे त्यांच्या हाताला भरपूर गोंद लागला आणि तसाच मुठींना, तरी हात घसरला नाही. कोरड्या हवेत अर्ध्या-पाऊण तासात क्लॅम्प काढतो, या हवेत रात्रभर ठेवले.

२५ ऑगस्ट

मुठींची तपासणी. रबरावर वाळलेला फेव्हिकॉल नखाने सोलला की पापुद्र्यासारखा निघतो, नक्षीच्या खाचांतून मात्र जुन्या टूथब्रशने काढावा लागला. ग्रिप कुठेही सरकलेली नाही. एका मुठीची टोकाकडची कड थोडी सुटलीय, तिथे थोडासा रबर सोल्युशन, पंक्चरवाले वापरतात तो, लावून दाबून ठेवलाय.

तेलाचं लक्षात ठेवायचं: चौरंगाला जवसाचं तेल चोळायचंय आणि ते रबराला लागलं तर रबर फुगतं आणि चिकट होतं. तेलकामाच्या दिवशी क्लॅम्प खोलीबाहेर.

चौरंगाचे पाय आणि आडव्या पट्ट्या बाबा या आठवड्यात जोडतायत, मी ऑफिसला असताना. दोन थरांचे दोन क्लॅम्प त्यांचे, त्यांच्या मुठींना लाल टेप लावलाय म्हणजे मी चुकून उचलणार नाही. उरलेल्या दोन मुठींवरही दुसरा थर घालावा असं ते म्हणतायत, ग्रिपचा एक तुकडा शिल्लक आहे, एक नवीन आणावी लागेल.